कोलू पाटलांची पाळ आणि दोन पदव्यांचा प्रश्न

१/ नवेगाव बांधचा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. कोहळी समाजाने या मुलखात असे कितीतरी तलाव उभे केले. उताराचा अभ्यास करणारे आणि पाळ घालणारे तेथे वेगळे नव्हते.

२/ आधुनिक वैद्यकात मात्र उपचार आणि संशोधन यांची फारकत झाली. ती सांधण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ पासून एमडी-पीएचडी या संयुक्त अभ्यासक्रमाला आर्थिक बळ दिले. त्यास साधारण आठ वर्षे लागतात. आपल्याकडे असे मार्ग थोडे. बहुतेकांना एकेक पायरी स्वतंत्रपणेच चढावी लागते.

३/ मग ही वर्षे द्यावीत का? उत्तर शोधण्यासाठी गोंदिया-गडचिरोली पट्ट्यातलाच एक आजार घेऊ : सिकलसेल.

४/ हा आजार आईवडिलांकडून मुलांकडे नेमका कसा येतो, हे १९४९ मध्ये स्पष्ट करणाऱ्यांत जेम्स नील हे एक प्रमुख नाव. त्यांनी आनुवंशिकीत पीएचडी मिळवली १९३९ मध्ये आणि वैद्यकीय पदवी १९४४ मध्ये. रुग्णाचे रक्त आणि कुटुंबाची वंशावळ एकत्र वाचण्याची दृष्टी या दुहेरी शिक्षणाने दिली, असे मला वाटते.

५/ आता दुसरी बाजू. महाड परिसरात विंचूदंशाने माणसे दगावत होती. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एकेकाळी सुमारे ४० टक्के होते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशेजारी बसून लक्षणे टिपली, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले.

६/ शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. बावस्कर काय, बंग दांपत्य काय, कोणीही संयुक्त अभ्यासक्रमातून आलेले नव्हते. बंग दांपत्याने मात्र प्रश्न ओळखून आधी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते.

७/ म्हणून माझे मत असे : आधी प्रश्न, मग पदवी. प्रश्न खाटेशेजारी किंवा गावात सुटणारा असेल, तर एमडी आणि संशोधनपद्धतीचे पक्के शिक्षण पुरे. प्रश्न पेशीत, जनुकात दडलेला असेल, तर प्रयोगशाळेतली वर्षे टाळता येत नाहीत. तेथे संयुक्त मार्गच श्रेयस्कर.

८/ ‘बारावीतल्या मुलाला आपला प्रश्न कसा कळावा?’ हा आक्षेप रास्त आहे. कळू नयेच. म्हणूनच नीटचा निकाल हाती येताच नावापुढे दोन पदव्या लावण्याच्या मोहाने आठ वर्षांचा करार करू नये. आधी रुग्ण पाहावेत. २०१६ पासून गोंदियातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागात सिकलसेलचे प्रश्न रोज चालत येतात.

९/ सिकलसेलच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. उद्दिष्ट २०४७ चे. आज महाविद्यालयात शिरणारा विद्यार्थी तेव्हा ऐन कर्तृत्वाच्या वयात असेल. या पट्ट्याला गावागावांत फिरणारे डॉक्टर हवेत, तसेच जनुक वाचणारेही. कोणती जागा आपली, हे मात्र ज्याचे त्याने रुग्णाकडे पाहून ठरवावे.