काटा कारखान्याच्या दारात हवा

चाकणच्या तळेगाव चौकाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अवजड वाहनांच्या नो एंट्रीची वेळ कधी संपते याची वाट पाहत ट्रेलर उभे असतात. पहिल्या पाळीला निघालेला दुचाकीवाला ते ट्रेलर आणि वाहती गर्दी यांच्या मधल्या फटीतून जीव मुठीत धरून पुढे सरकतो. ज्याच्या जिवासाठी बंदी घातली, त्याचीच वाट बंदीने अरुंद केली आहे. या दुखण्यावर चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात दोन मते ठामपणे मांडली जातात. मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिले मत वाहतूकदारांचे. वाहनकर भरला, टोल भरला, डिझेलवरचा कर भरला. मग आमची गाडी अडवायचा किंवा आणखी पैसे मागायचा सरकारला काय अधिकार? कायद्याचे उत्तर सरळ आहे. वाहनांवरील कर आणि टोल हे विषय राज्यघटनेने राज्यसूचीत 57 आणि 59 या नोंदींखाली दिले आहेत, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याने वजनाची मर्यादा आणि वाहनबंदी यांचा अधिकार दिला आहे. पण माझा खरा भरवसा डांबरावर आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून झीज मोजली गेली. निष्कर्ष असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळा पट होते. भार वीस टक्क्यांनी वाढवला की झीज दुपटीवर जाते. आता टोल पाहा. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमांत मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे 65 पैसे आणि चार ते सहा आसांच्या वाहनाला 3 रुपये 45 पैसे होता. म्हणजे जेमतेम पाचपट. टोलमध्ये जागेचा, पुलाचा, कर्जाचाही हिशेब असतो, म्हणून झिजेच्या प्रमाणात दर लावा असे कोणी म्हणणार नाही. पण अवजड वाहन आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरते, हा दावा टिकत नाही.

दुसरे मत कार्यालयांतून येते: रस्ता सरकारचा, तेव्हा केव्हा अडवायचे आणि किती घ्यायचे ते सरकार ठरवेल. हे मत मला अधिक घातक वाटते, कारण ते बोलणाऱ्याच्या हाती शिक्का असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 115 नीट वाचावे. बंदीसाठी लोकांची सुरक्षितता वा सोय, किंवा त्या रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप, असे कारण लागते. राजपत्रात अधिसूचना लागते. बंदी महिन्याभराच्या आतली असेल तरच स्थानिक प्रसिद्धीवर भागते. मालकाला कारण द्यावे लागत नाही, विश्वस्ताला द्यावे लागते; म्हणजे सरकार रस्त्याचे मालक नव्हे, विश्वस्त आहे. केरळमधल्या पालियेक्कारा टोलनाक्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये हेच बजावले: खड्ड्यांतून जायला लावून टोल मागता येणार नाही.

आणि विश्वस्ताने स्वतः काय केले? जुलै 2018 मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वरच्याच सूत्राने हिशेब मांडला तर प्रत्येक फेरीची झीज सुमारे दीडपटीच्या वर गेली, तीही कायदेशीररीत्या. खालचा रस्ता मात्र तोच राहिला.

चाकणमध्ये हा विश्वस्त कोण, हेही सापडत नाही. पुणे–नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग 60, तळेगाव–चाकण–शिक्रापूर 548 डी, आतले रस्ते एमआयडीसीचे. वाहतूक 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे, ज्याला एक फूटही रस्ता रुंद करता येत नाही. त्याच्या हाती घड्याळ आहे, म्हणून घड्याळाची बंदी निघते. 8 ऑगस्ट 2025 ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटेच चाकणची कोंडी पाहायला आले होते. उपमुख्यमंत्र्यांना स्वतः यावे लागते, यातच जबाबदारीचा तिढा दिसतो.

जकात होती तोवर गावाच्या वेशीवर माल थांबे आणि निदान पैसा पिंपरी-चिंचवडच्या तिजोरीत पडे. एप्रिल 2013 मध्ये ती गेली. मालमोटारींच्या त्या रांगा परत याव्यात असे मी म्हणणार नाही. पण मालाच्या वाहतुकीचा पैसा आणि त्या वाहतुकीने झिजणारा रस्ता यांची ताटातूट झाली, ती झालीच.

म्हणून माझे म्हणणे असे: अधिकार वापरायचा तर भार जिथे चढतो तिथे वापरा. पोलादी कॉइल ट्रेलरवर चढते ती गोदामात, खडी डंपरमध्ये पडते ती खाणीत. वजनमर्यादा मोडली तर त्याच कायद्याचे कलम 194 वाहन चालवणाऱ्याइतकेच ते चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरते. दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. तरीही ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते आणि माल भरणारा नामानिराळा राहतो. दारातच वजनकाटा बसवा, काट्याच्या पावतीशिवाय गाडी बाहेर सोडू नका, शुल्क आसाच्या भारावर घ्या आणि तो पैसा याच पट्ट्यातल्या रस्त्यांच्या स्वतंत्र खात्यात ठेवा. उद्योग निघून जातील, ही भीती मला पटत नाही. कोंडीत अडकलेल्या कंटेनरचा खर्च त्यांना आजही सोसावा लागतोच.

बंदी लागेल तिथे जरूर लावावी. पण अडवलेला ट्रेलर तेवढे तास कुठे उभा राहील, त्या जागेचा पत्ता बंदीच्या आदेशातच छापलेला असावा. आणि तिथे ड्रायव्हर-क्लीनरला पाणी आणि शौचालय मिळावे.