'किंगडा का' पाडला, आता त्या जागी काय? रोलरकोस्टरच्या अफवा कशा वाचायच्या

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या मुलाने परवा एक व्हिडिओ पाठवला. ट्रेन सरळ आकाशात चढते, वर क्षणभर थांबते आणि खाली सुटते. सोबत मेसेज: "मामा, 'किंगडा का'च्या जागी हाच येणारे ना?"

मी लगेच "फेक आहे रे" असं लिहिलं नाही, कारण मागच्या वेळी तोंडावर पडलो होतो.

माझी चूक काय झाली?

'किंगडा का' हा न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कमधला रोलरकोस्टर. २००५ साली सुरू झाला. उंची १३९ मीटर, आणि साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग. बसायला उंची किमान १३७ सेंटिमीटर लागायची. भाचा दारामागे पेन्सिलीने खुणा करत होता. २०२४ च्या सप्टेंबरात खूण १३७ च्या वर गेली.

त्याच सुमारास 'किंगडा का' कायमचा बंद होणार अशी चर्चा फॅन्समध्ये सुरू झाली. ताईने मला विचारलं, "आत्ताच जाऊन येऊ का, की पुढच्या उन्हाळ्यात?" मी ऐटीत सांगितलं, "कंपनीने काहीच जाहीर केलेलं नाही. अफवा आहे. पुढच्या वर्षी जा."

१० नोव्हेंबरला तो शेवटचा धावला. १४ तारखेला कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं. निरोपाची संधी कुणालाच मिळाली नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटकं लावून तो पाडला.

"कंपनी बोलली नाही" याचा अर्थ मी "बातमी खोटी आहे" असा घेतला. कंपनी तिच्या सोयीने बोलते. तोवर बातमी खरी की खोटी, एवढंच उघडं असतं.

फॅन्सना अंदाज कसा आला?

'किंगडा का'चं लाँच हायड्रॉलिक होतं. म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे मोटर एक मोठं ड्रम फिरवतात, त्यावर केबल गुंडाळली जाते आणि ट्रेन खेचली जाते. जोर प्रचंड, पण देखभालही तेवढीच किचकट. ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कमध्ये याच जातीचा थोरला भाऊ होता, 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'. २०२१ मध्ये तिथे ट्रेनचा धातूचा तुकडा निघून लागल्याने एक महिला गंभीर जखमी झाली आणि राइड थांबली. २०२४ मध्ये ती 'टॉप थ्रिल २' म्हणून परत आली, तेव्हा हायड्रॉलिक लाँच गेलं होतं आणि एलएसएम आलं होतं.

एलएसएममध्ये ट्रॅकच्या कडेला विद्युतचुंबक बसवतात आणि ट्रेनला कायमचे चुंबक. करंट पुढे सरकतो तशी ट्रेन ओढली जाते. केबल नाही, आणि ट्रेनला पुढे-मागे, पुन्हा पुन्हा ढकलता येतं. म्हणून "हायड्रॉलिकवाल्याचे दिवस भरले" हा तर्क बिनबुडाचा नव्हता. पुरावा मात्र नव्हता. हा फरक लक्षात ठेवा.

घोषणेतले शब्द नीट वाचा

त्याच १४ नोव्हेंबरच्या घोषणेत नव्या राइडचं आश्वासन होतं: अनेक जागतिक विक्रम मोडणारा लाँच कोस्टर, साल २०२६. फॅन्सनी लगेच उंची, वेग सगळं ठरवून टाकलं. पण सौदी अरेबियात किद्दियाला 'फाल्कन्स फ्लाइट' आहे: १९५ मीटर उंच, ताशी २५० किलोमीटर, ४ किलोमीटरहून लांब. त्याला मागे टाकणं सोपं नाही. आणि घोषणेत "सर्वांत उंच" किंवा "सर्वांत वेगवान" असे शब्दच नव्हते. "विक्रम" हा फार लवचिक शब्द आहे. अमुक प्रकारच्या कोस्टरमध्ये सर्वाधिक लाँच, हाही विक्रमच.

सालाचंही तसंच. घोषणेतलं साल म्हणजे इरादा. जमिनीत ओतलेलं काँक्रीट वेगळं.

मग विश्वास कशावर?

मी आता हा क्रम पाळतो.

१. सरकारी कागद. अमेरिकेत साधारण ६१ मीटरपेक्षा (२०० फूट) उंच काही बांधायचं तर विमान वाहतूक खात्याला, म्हणजे एफएएला, आधी कळवावं लागतं. त्या नोंदी कुणालाही ऑनलाइन बघता येतात, उंची आणि जागेसकट. ट्रेडमार्कचे अर्जही उघडे असतात. पण कंपन्या न वापरायची नावंही राखून ठेवतात, म्हणून ट्रेडमार्कचं वजन कमी.

२. जमीन. पायाचे खड्डे, आणून टाकलेले ट्रॅकचे तुकडे. फोटो कधीचा आणि कुठला हे कळलं, तर भक्कम पुरावा.

३. तर्क. वर एलएसएमचा दिला तसा. ऐकण्यासारखा, पण "बहुतेक"च्या पुढे नेऊ नका.

४. व्हिडिओ. सगळ्यांत शेवटी. 'नोलिमिट्स' किंवा 'प्लॅनेट कोस्टर' वापरून घरी बसून कुणीही झकास कोस्टर बनवतो, आणि आता एआय आहेच. हौशी लोक प्रामाणिकपणे "माझी कल्पना" असं लिहितात. चार फॉरवर्डनंतर ती ओळ गळते आणि कल्पनेची बातमी होते.

भाच्याला काय सांगितलं?

दोघांनी व्हिडिओ कॉलवर ती क्लिप थांबवत थांबवत पाहिली. वळणावर ट्रॅकला खांबच नव्हते. मग एका फ्रेमचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समध्ये टाकला. मूळ व्हिडिओ सापडला, गेममध्ये बनवलेला, आणि बनवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलेलं.

"म्हणजे नवा कोस्टर येणारच नाही?" त्याचा चेहरा पडला.

म्हटलं, "हा व्हिडिओ खोटा निघाला, एवढंच कळलं. कोस्टरबद्दल यातून काहीच कळत नाही, ना हो ना नाही. एफएएच्या नोंदी कशा शोधायच्या ते दाखवतो, तूच बघत जा."

आणि ताईला वेगळा मेसेज केला: त्याच पार्कात 'एल टोरो' आहे, लाकडी, मोठा. मागच्या वेळचं माझं ऐकलंस ते विसर. या उन्हाळ्यात पहिल्याच सुट्टीला त्याला घेऊन जा.