स्त्रियांचे कर्करोग : लस आणि तपासणीनंतरची कडी अद्याप कमकुवत

नवी दिल्ली : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीची देशातील सार्वजनिक चर्चा गेली काही वर्षे प्रामुख्याने लसीभोवती फिरत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या स्वदेशी एचपीव्ही लसीला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. ही पावले मोलाची असली, तरी कर्करोगाच्या रुग्णसंख्येवर त्यांचा परिणाम दिसण्यास काही दशके जावी लागतील. आज तिशी ते पन्नाशीत असलेल्या स्त्रियांचे भवितव्य मात्र वेळेवरची तपासणी आणि तज्ज्ञांकडील उपचार यांवरच अवलंबून आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार, भारतात वर्षभरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. अंडाशयाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ४७ हजार, तर मृत्यू सुमारे ३३ हजार होते. रुग्णसंख्येच्या तुलनेत मृत्यूंचे हे मोठे प्रमाण निदान आणि उपचार या दोन्हींतील उणिवांकडे बोट दाखवते.

पहिली उणीव तपासणीतील आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट ७० टक्क्यांचे आहे. साधी तपासणीही जीव वाचवू शकते, याचा पुरावा देशातच उपलब्ध आहे. मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्य सेविकांमार्फत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दीर्घकालीन अभ्यासात दिसून आले.

दुसऱ्या उणिवेची चर्चा त्या मानाने कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘९०-७०-९०’ सूत्रातील शेवटचा आकडा उपचारांचा आहे. विकार आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार झाले पाहिजेत, असे त्यात अभिप्रेत आहे. तपासणी शिबिरात दोष आढळूनही पुढील रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्या स्त्रीला त्या तपासणीचा काहीच लाभ होत नाही.

उपचारांचा दर्जा ठरवण्यात तज्ज्ञांची भूमिका निर्णायक असते. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असल्यास आसपासच्या ऊतींसह गर्भाशय काढण्याची व्यापक शस्त्रक्रिया करावी लागते. रोग पुढे सरकला असल्यास शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार, त्यासोबत केमोथेरपी आणि शेवटी शरीराच्या आतून किरण देणारी ब्रॅकीथेरपी असा क्रम असतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिसऱ्या टप्प्यातील ८५० रुग्णांचा समावेश होता. किरणोपचारांसोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिलेल्या गटातील ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. केवळ किरणोपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते.

निदानाची खातरजमा न करता पांढरे जाणे किंवा अनियमित रक्तस्राव यांसाठी गर्भाशय काढून टाकले आणि नंतरच्या अहवालात कर्करोग निघाला, तर पुढील उपचार अधिक गुंतागुंतीचे होतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी सर्वसामान्य स्त्रियांमध्ये उपयुक्त ठरेल अशी चाचणी नाही. त्यामुळे अनेकदा निदान होते तेव्हा रोग पोटात पसरलेला असतो. अशा वेळी दिसणारी सर्व गाठ काढली गेली की काही भाग मागे राहिला, यावर रुग्णाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच स्त्रीरोग कर्करोगशास्त्र ही स्वतंत्र अतिविशेष शाखा मानली जाते. तिचे तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आहेत.

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. केमोथेरपीसाठीची पायपीट त्यामुळे कमी होऊ शकेल. तथापि किरणोपचार यंत्रणा आणि शस्त्रक्रियेचे कौशल्य यांची गरज या केंद्रांतून भागणार नाही. जिल्ह्यातील रुग्णाला योग्य केंद्राकडे पाठवणारी आणि उपचार पूर्ण होईपर्यंत तिचा पाठपुरावा करणारी व्यवस्था त्यासाठी आवश्यक आहे. २०१२ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमुळे देशभरातील रुग्णालये समान उपचार निकषांनी जोडली जात आहेत. हा पाया उपयोगी ठरू शकतो.

रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, शरीरसंबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा आठवडेच्या आठवडे टिकणारी पोटफुगी या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, हा सल्ला कायम आहे. तो मानून दवाखान्यात आलेल्या स्त्रीला पुढची वाट कोण दाखवणार, याचे उत्तर आरोग्य यंत्रणेने द्यावयाचे आहे.