हे काका कधी वारले?

२४ डिसेंबरला आमच्या मराठी मंडळाने साने गुरुजींची जयंती केली. फोटोला हार, पुढे उदबत्ती. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने कानाशी लागून विचारलं, "बाबा, हे काका कधी वारले?" तिला वाटलं, मंडळातलंच कोणीतरी गेलंय आणि आपण भेटायला आलोय.

आधी हसू आलं, मग राग. कारण पुढच्या दोन तासांत तिचा गैरसमज दूर व्हावा असं काही घडलंच नाही. तीन भाषणं झाली. मग प्रश्नमंजूषा. गुरुजींनी 'श्यामची आई' कुठे लिहिलं? नाशिकच्या तुरुंगात. केव्हा? फेब्रुवारी १९३३. किती दिवसांत? पाच. मुलांनी घोकलेली उत्तरं दिली, चॉकलेटं घेतली. पुस्तकातलं एक पान कोणी वाचलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलांना ते मराठी झेपत नाही हो."

झेपत नाही? आमच्या सोलापूरला उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून, चादरी टाकून अख्खा वाडा झोपायचा. वडील गिरणीतून आले, भाकरी खाल्ली की कंदिलाशी बसून रोज 'श्यामची आई'तली एक 'रात्र', म्हणजे एक प्रकरण, वाचायचे. बेचाळीस रात्री. श्याम आश्रमात प्रार्थनेनंतर गोष्ट सांगतो, म्हणजे पुस्तकच मुळी ऐकायचं आहे. ऐकायला आम्ही भावंडं, शेजारची घरी तेलुगू बोलणारी तिघं आणि खालची कन्नड बोलणारी दोघं. गोष्टीतलं कोकण आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. निम्मे शब्द आम्हा मराठी पोरांनाही कळत नसत. तरी भाजी अळणी असूनही श्यामच्या घरचे न बोलता जेवतात, त्या रात्री एक तेलुगू शेजारी उठून बसला, "अरे, पण मीठ मागायचं की!" वडील काही बोलले नाहीत, पुढे वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी आईची आमटी खरोखर अळणी झाली आणि आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने जेवलो. आईने घास घेतला आणि पहिला धपाटा मला बसला.

आपली मुलं इंग्रजी पुस्तकातल्या जादूगारांची अगम्य नावं बिनचूक सांगतात, तिथे कोणाला झेपण्याची काळजी पडत नाही. मराठी आलं की आपणच आधी हात वर करतो. रोमन लिपीतल्या मराठी कवितांचे कागद वाटतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको.  

फार उपदेश झाला, माफ करा. कार्यक्रमासाठी राबणाऱ्यांबरोबर खुर्च्या उचलायलाही मी गेलो नव्हतो. आणि आमच्या घरातलं 'श्यामची आई' तीन वर्षं बॅगेतच होतं, सोलापूरहून आणलेल्या शेंगाचटणीच्या पिशवीखाली. चटणी पंधरा दिवसांत संपली.

जयंतीच्या रात्री ते पुस्तक बाहेर काढलं. पहिल्या दिवशी मीच लेकीच्या आधी झोपलो. सध्या नवव्या रात्रीवर आहोत. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या बेसमेंटमध्ये दहावी वाचू. मुलांना उशी घेऊन पाठवा. हार आणू नका.