खो देऊन बसणारा गडी

सुट्टीवर गावी आलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, पोराला एनडीएला घालायचंय, काय करावं?" या वेळी दोघा-तिघांनी प्रश्नासोबत उत्तरही आणलं होतं. "अकरावीला क्लास लावलाय. खो-खो बंद केलाय. दोन वर्षं नुसता अभ्यास." सांगताना चेहऱ्यावर मोठा त्याग केल्याचं समाधान. मला हे पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

हिशोबाचं आधी उरकतो. एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची आणि एसएसबीची मुलाखतही 900 गुणांची. क्लास तुम्हाला पहिल्या निम्म्यापर्यंत नेतो. पुढच्या निम्म्यात मैदानावर आठ-दहा अनोळखी मुलांचा गट करतात आणि फळी, दोरी, ओझं देऊन सगळ्यांनी मिळून पलीकडे जा म्हणतात. (त्याचेही क्लास निघालेत म्हणा. हसायचं कधी, हेसुद्धा शिकवतात.) पण एसएसबीसाठी खेळा, असं माझं म्हणणं नाही. प्रमाणपत्रासाठी खेळणारा मुलगा संघात असूनही संघात नसतो. माझं म्हणणं त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल आहे.

खो-खोच घ्या. अकरावी-बारावीला मी कॉलेजच्या संघात होतो. आठ गडी पाट्यांवर बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. नववा धावतो. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. समोरचा संरक्षक मात्र कुठूनही कुठेही पळू शकतो. म्हणजे नियमच असे केलेत की एकट्याने कितीही जोर लावला तरी भागत नाही. गडी हाताच्या अंतरावर आहे, तुमचा वेग जबरदस्त आहे, पण तो हुलकावणी देऊन पलीकडे गेला की तुम्हाला थांबून बसलेल्याच्या पाठीवर खो द्यावा लागतो आणि त्याच्या जागेवर मुकाट बसावं लागतं. गडी बाद करण्याचं नाव त्याचं होणार असतं.

आमचे सर सांघिक भावनेवर कधी भाषण देत नसत. ते फक्त खो उशिरा देणाऱ्याला बाहेर काढत. सगळ्यात वेगवान मुलगा या कारणावरून दोन सामने बाहेर बसलेला मी पाहिलाय. आम्ही त्यातला एक सामना हरलोसुद्धा. सरांचा निर्णय तेव्हाही बरोबर होता असं मला वाटतं. हरलेल्या सामन्यानंतर तो मुलगा बदलला, आणि त्याहून जास्त आम्ही बाकीचे बदललो. पाटीवर उकिडवं बसून, एका दिशेला तोंड करून, मागून खो येईल या भरवशावर थांबणं किती अवघड आहे, हे बसल्याशिवाय कळत नाही. खो मिळण्याआधी उठलात तर फाऊल. मिळाल्यावर अर्धा क्षण दवडलात तर गडी निसटला. निष्ठा हा शब्द मोठा आहे; सतरा वर्षांच्या पोराला तो सांगून समजत नाही, असा बसवून समजतो.

खडकवासल्याला गेल्यावर हेच मोठ्या प्रमाणावर भेटलं. तिथली स्क्वॉड्रनांमधली क्रॉस-कंट्री ज्यांनी धावली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटून येणाऱ्याचाही हिशोब स्क्वॉड्रनच्या खात्यात जातो. त्यामुळे पहिल्या दहांत येणाऱ्यांचं कौतुक होतंच, पण सगळ्यांचं लक्ष मागे राहणाऱ्यांवर असतं. पहिल्या टर्मला ज्याचं नावही धड माहीत नव्हतं, त्याच्यासाठी सीनियर पहाटे उठून शेजारी धावतात. त्यात प्रेम किती आणि स्क्वॉड्रनची काळजी किती, हे सांगता येत नाही. पण महिनाभर कोणी तुमच्या शेजारी धावलं की तुम्ही त्याचे होता.

आणि मग युनिट. संध्याकाळी गेम्सला अधिकारी आणि जवान एकाच मैदानात उतरतात. लडाखमध्ये एका पोस्टिंगला आमचं व्हॉलीबॉलचं मैदान म्हणजे दगड वेचून केलेली सपाटी. विरळ हवेत चेंडू अंदाजापेक्षा लांब जायचा, एका बाजूला उतार, आणि चार उड्यांत धाप लागायची. आमचा सर्वांत चांगला स्मॅशर लंगरमधला कुक होता. चेंडू माझ्या डोक्यावर आला की तो मागून ओरडायचा, "छोड़ो साहब, मेरा है!" आणि मी सोडायचो. दिवसभर ज्याने मला सॅल्यूट ठोकला, त्याला ते ओरडता यावं आणि मला ते ऐकता यावं, ही कमाई त्या मैदानाची. रात्री गस्तीवर निघताना आपल्याला एकमेकांचा आवाज ओळखीचा होता.

संघाचं सगळंच गोड असतं असं नाही. ज्युनियरांनी फक्त चेंडू आणायचे आणि पाणी भरायचं, असं चालणारे संघही मी पाहिलेत. तिथे मुलगा आपलेपणा शिकत नाही, टोळी शिकतो. अशा संघातून पोराला जरूर काढा. स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात येतात, गुडघे फुटतात, हेही खरं. पण दिवसाचा दीड तास मैदानावर गेल्याने गणित बुडालं, हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. मोबाईलचे तास आधी मोजा. आणि 2022 पासून खडकवासल्याला मुलीही आहेत, तेव्हा हे मुलींच्या आईवडिलांनाही लागू.

निवृत्त मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण गावी परतलात. संध्याकाळचे गेम्स कसे घ्यायचे हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. शाळेचं पटांगण पाचनंतर रिकामं असतं. खो-खोला दोन खांब आणि पोतंभर फक्की लागते. हेडमास्तरांना भेटा, आणि पहिल्या दिवशी खो उशिरा देणाऱ्यावर नजर ठेवा.