दोष आईचा नव्हे, योजनेचा

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या वर्तनोपचारात फरक पडेनासा झाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “पालक सहकार्य करत नाहीत.” घरचा कार्यक्रम आखून दिला, नोंदतक्ता दिला, आईने तो भरलाच नाही, तर उपचारक काय करणार? हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर तो तपासून पाहा. मुरूडहून उपचारासाठी अलिबागला यायचं तर सुमारे ५० किलोमीटर. श्रीवर्धनहून यायचं तर दिघी-आगरदांडा फेरीबोट, नाहीतर माणगावचा वळसा. मासळी विकणाऱ्या घरात आई पहाटे बंदरावर, दुपारपर्यंत बाजारात, मूल आजीजवळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे हातात पैसाही कमी. मूल किंचाळण्याआधी काय घडलं, नंतर काय घडलं, हे दर वेळी लिहायला या घराला सांगितलं आणि आजीला लिहिता येत नसेल, तर चुकलं कोण? घराची चौकशी न करता तक्ता हातात देणारा.

आईवर खापर फोडण्याची ही खोड जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात स्वमग्नतेचं मूळ आईच्या थंडपणात शोधलं. तो सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला; आरोप मात्र नव्या शब्दांत टिकून आहे.

दुसरा आक्षेप असा, की वर्तनोपचार हे शास्त्र आहे, त्यात घर समजून घेण्याच्या करुणेचं काय काम? उत्तर त्याच शास्त्रातल्यांनी दिलं आहे. उपचाराचं उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम संबंधित माणसांना मान्य आहेत का, हेही तपासलं पाहिजे, असं माँट्रोझ वुल्फ यांनी १९७८मध्ये मांडलं. ब्रिजेट टेलर, लिंडा लब्लाँ आणि मेलिसा नोसिक यांनी पालकांनाच उपचारकांबद्दल विचारलं, तेव्हा नातं जोडण्याच्या मूलभूत कौशल्यांत उणिवा दिसल्या. ही कौशल्यं शिकवता येतात, असं सांगून तिघींनी ती शिकवण्याची रूपरेषाही दिली.

तिसरा आक्षेप वेळेचा. केंद्रांवर गर्दी आहे, हे खरंच. पण पहिल्या भेटीत न विचारलेल्या प्रश्नांची किंमत पुढचे कित्येक महिने मोजावी लागते. उपचारक रंग ओळखायला शिकवत बसतो आणि आईच्या जिवाला घोर असतो तो मूल नजर चुकवून समुद्राकडे धावण्याचा. ही भीती आधी ऐकली, तर पहिलं उद्दिष्ट आपोआप ठरतं: हाक मारल्यावर थांबणं. ते आजीलाही करून घेता येतं, आणि नोंद भिंतीवर कोळशाच्या रेघांनी होते.

करुणा म्हणजे सवलत नव्हे. मुलाने शिकलंच पाहिजे, आईला सत्यही सांगितलंच पाहिजे. पण आधी तिची झोप होते का, घरात हातभार कोणाचा, तिला काय जमेल, हे विचारायला हवं. आठवड्यातला तासभर उपचारकाचा, बाकी सगळा वेळ घरचा. घर तुटलं तर उपचार उरतच नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळालं. आता उपचारक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांनी पालकांशी बोलण्याचं कौशल्य शिकवावं, त्याची परीक्षाही घ्यावी. आणि उपचारकांनो, “पालक सहकार्य करत नाहीत” हा शेरा लिहिण्याआधी आपली योजना त्या घरात चालेल अशी होती का, हे स्वतःला विचारा.