विहिरींतील पांढरे खडे आणि धुराड्यांतील वायु

जिंतुराकडे विहीर खणूं लागलें म्हणजे मुरुमाखालीं काळा पाषाण लागतो, व सुरुंगानें फुटलेल्या त्याच्या पोकळ्यांत पांढरे, चकचकीत खडे दिसतात. त्यांस सरसकट गारगोटी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु चाकूनें ज्यावर ओरखडा उठतो ती गारगोटी नव्हे. अशा खड्यांत पुष्कळसे झिओलाइट जातीचे असतात. त्यांचे सुंदर नमुने सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयांत मांडले आहेत. (नांवानें तेथेंहि गारगोटीनेंच बाजी मारली आहे!) 1756 सालीं स्वीडनच्या क्रोन्स्टेट यानें असा खडा तापवितांच त्यांतून पाणी उकळून निघालेलें पाहिलें व ‘उकळता दगड’ अशा अर्थाचें हें नांव दिलें.

पाणी निघून गेल्यावरहि कित्येक जातींचा सांगाडा ढासळत नाहीं; अतिसूक्ष्म खोल्या रिकाम्या राहतात. त्यांत कार्बन डायऑक्साइड शिरून भिंतींस चिकटतो. नायट्रोजन बहुतांशीं पुढें निघून जातो. यास अधिशोषण म्हणतात. नंतर दगड तापविला, अथवा निर्वात केला, कीं वायु सुटतो व दगड पुन्हां कामास येतो.

कोळशाच्या धुरांत हा वायु शेंकडा 12 ते 15 असतो. आमच्या शेजारीं परळीस वीज कोळशावरच होते. झाडें लावलीं म्हणजे झालें, असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. झाडें लावावींच, पण वायु दाट आहे तो धुराड्याशीं, आणि तेथेंच त्यास अडविणें शहाणपणाचें आहे.

अडचण मोठी आहे. झिओलाइटास हा वायु प्रिय, पण पाणी त्याहूनहि प्रिय. आणि धूर तर ओलसर! तो आधीं सुकवावा लागतो, दगड पुन्हां तापवावा लागतो, व त्यांत केलेल्या विजेचाच कांहीं भाग खर्ची पडतो. धातु व सेंद्रिय द्रव्यें यांच्या सच्छिद्र जाळ्यांसाठीं 2025 चें रसायनाचें नोबेल पारितोषिक कितागावा, रॉब्सन व याघी यांस मिळालें, ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि आमचा ओढा स्वस्त पदार्थाकडे आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेंत वीजकेंद्राच्या राखेपासून झिओलाइट करण्याचे प्रयोग झाले आहेत. पऱ्हाट्यांपासूनहि सच्छिद्र कोळसा करितां येतो. ओलाव्याचें त्यास झिओलाइटाइतकें भय नसतें, मात्र विरळ वायु तो कमी धरतो.

कापूस संपल्यावर त्याच पऱ्हाट्या आम्ही बांधावर पेटवून देतों. यंदा त्यांतील एक पेंढी प्रयोगशाळेंत आणावी, झांकल्या डब्यांत तिचा कोळसा करावा, व शहाबादी फरशीवर आम्ल टाकून निघालेला वायु त्यांतून नेल्यास चुन्याची निवळी किती उशिरां पांढरी होते तें घड्याळ लावून पाहावें, अशी आमची शिक्षकांस विनंति आहे.